हेमकांतच्या नावाचा रोट

सव्वा मूठ गहू. दर पुरुषामागे. मूठ घरातल्या थोरल्याची.

*

सौर झटका मशीन. तारेला शिवलं तर रानडुक्कर चार हात मागे उडतं, मरत नाही. माणसाचंही तसंच. फक्त माणूस उडताना बोलतो.

*

"वाट म्हनजे काय? जठून लोक चालतस ती वाट. लोक बंद, वाट बंद."

*

पाटाच्या कडेनं अडीच किलोमीटर. मधून दोनशे पावलं.

*

पीव्हीसीचा पाइप, कार्बाइडचे खडे, दोन घोट पाणी, गॅसचं लायटर. धडाम! माकडं पळतात. पहिल्या दिवशी.

*

कानबाई, खानदेशची देवी, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी उठते. रोट, तिच्या प्रसादाची गुळाची जाड पोळी, पौर्णिमेपर्यंत संपला पाहिजे.

*

हे सगळं एका सुपात कसं पडलं ते सांगायचं, तर भटूनं डोळे मिटले तिथपासून सांगावं लागेल. पण त्याआधी दोन महिने मागे जाऊ, कारण डोळे मिटण्याआधी भटू दोन महिने ते वटारूनच बसला होता.

ब्राह्मणपुरीच्या शिवारात भटू आणि हेमकांत या चुलतभावांचे मळे लागून आहेत. दोघांची घरंही मळ्यातच. हेमकांतच्या मक्याच्या कडेनं एक गाडवाट जाते, ती भटूच्या केळीत निघते. जूनमध्ये डुकरांनी मका लोळवला, आणि हेमकांतनं शहाद्याहून झटका मशीन आणून मळ्याला चारी बाजूंनी तार ओढली. चारी बाजूंत गाडवाटही आली. भटू ट्रॅक्टर घेऊन निघाला तो तारेपाशी थांबला. तारेवर पिवळी पाटी, पाटीवर कवटी.

"पाटवरथीन जा ना, दादा," हेमकांत मक्यातून म्हणाला. "आते रस्ता भलता चांगला शे."

 भटू पाटावरून गेला, पण थेट शहाद्याला, तेच मशीन विकणाऱ्या कय्युमच्या दुकानात. दुसऱ्या दिवशी हेमकांतच्या तारेपासून हातभर अंतरावर भटूचीही तार उभी राहिली. तिलाही कवटी. हेमकांतची नदीवरच्या मोटारीला जायची पायवाट त्यात अडकली. दोन तारांच्या मधल्या हातभर पट्ट्यात कुणी जाईना, म्हणून तिथं गवत असं माजलं की भटूच्या म्हशी दिवसभर त्याच्याकडे पाहत उभ्या राहायच्या.

मग बंदुका आल्या. माकडांसाठी म्हणून भटूनं कय्युमकडून कार्बाइडची एक घेतली. हेमकांतनं दोन घेतल्या. भटूनं आणखी दोन. हेमकांतनं आणखी एक, लांब नळीची. तीन-तीन झाल्यावर समतोल साधला, असं कय्युमचं मत होतं. माकडांना आवाजाची सवय झाली. डुकरं केव्हाच तिसऱ्याच्या भुईमुगात गेली. पण संध्याकाळी एकीकडून धडाम झालं की दुसरीकडून धडाम व्हायलाच हवं, हे ठरून गेलं.

"कय्युमभाऊ, तुले लाज शे का?" भटूच्या बायकोनं, सरलाबाईनं, त्याला एकदा विचारलं.

"वहिनी, मी दोन्हीसले एकच माल दिधा. एक खडा कमी नही, एक खडा जास्ती नही. याले इन्साफ म्हनतस."

*

बोलणी. पहिली फेरी. जागा: कय्युमचं दुकान, कारण दोघंही एकमेकाच्या दारात जायला तयार नव्हते.

दोघं दोन स्टुलांवर, पाठीला पाठ लावून बसले. भटूचं तोंड क्लच वायरच्या वेटोळ्यांकडे, हेमकांतचं रस्त्याकडे. मध्ये कय्युम चहा घेऊन.

"कय्युम, त्याले सांग, हाई वाट मन्हा आजाना टाईमनी शे."

"कय्युम, त्यास्ले सांग, आजा मन्हा बी व्हता."

"दोन्हीसना आजा एकच शे, हाई कलम मंजूर?" कय्युमनं विचारलं.

कलम मंजूर झालं. तेवढंच झालं. पुढं हेमकांत वाटेवर फाटक लावू द्यायला राजी झाला, पण खांब कोणाच्या वावरात गाडायचा यावर दोन तास गेले. खांब ज्याच्या जमिनीत, फाटक त्याचं. फाटक ज्याचं, किल्ली त्याची. किल्ली ज्याची, त्याला दुसऱ्यानं रोज हाक मारायची. रोज हाक मारायची म्हणजे रोज वाकायचं. चर्चा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली, असं कय्युमनं शेजारच्या टायरवाल्याला सांगितलं. जाताना भटूनं कार्बाइडचा एक डबा नेला. हेमकांतनंही एक नेला.

*

आता भटूचे डोळे.

कानबाईच्या आदल्या दिवशी रोटाचे गहू घ्यायचे असतात. घरातला थोरला सुपापुढं बसतो आणि भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाचं नाव घेत सव्वा सव्वा मूठ टाकतो. भटूच्या बापानं त्याला नावांची साखळी लहानपणी पाठ करून दिली होती, पाढ्यासारखी. पाढा डोळे मिटूनच येतो.

"भटू," त्यानं मूठ टाकली, वर पाव मूठ. "मन्हा आंडोर." सुरतेच्या मुलाची पडली. "उमाकांत. उमाकांतना आंडोर." दुसऱ्या चुलतभावाची आणि त्याच्या मुलाची पडली. "हेमकांत."

यंदा जे नाव घ्यायचंच नाही असं त्यानं ठरवलं होतं, त्याचीही सव्वा मूठ पडली.

सुपाशी बसलेल्या सरलाबाईनं ती पडताना पाहिली. हात पुढं करून अडवता आली असती. तिनं पदर सावरला.

"तुम्ही हेमकांतनं नाव लिधं," ती सावकाश म्हणाली.

भटूनं डोळे उघडले. "मी? नही."

"लिधं ना. हाई काय, पडना ना गहू."

भटू सुपाकडे बघत राहिला. गव्हाचा ढीग गव्हाच्या ढिगासारखाच दिसत होता. त्यातला कोणता दाणा हेमकांतचा? उपसून काढावं तर काय काढावं?

"काढी टाकू का सव्वा मूठ?"

"काढा. पन तुम्हनी निघी का त्यानी निघी, कोनले ठाऊक."

भटूनं हात मागे घेतला.

इतर घरांत रोट कुणीही मिळून खातात. या घरात नाही. इथं एका नावाचा एक रोट भाजतात, आणि ज्याच्या नावाचा त्यानंच तो खायचा. घराच्या हद्दीबाहेर न्यायचा नाही, जनावराला घालायचा नाही. आणि पौर्णिमेनंतर ज्याचा रोट उरला, त्याचं नाव पुढच्या वर्षी सुपावर घेत नाहीत. सरलाबाईच्या सासूनं असं एक नाव बंद झालेलं पाहिलं होतं. त्या शाखेचं घर आता कोणत्या गावात आहे हेही कुणाला सांगता येत नाही. कानबाईनं शाप दिला वगैरे काही नाही. नाव घ्यायचं राहिलं, मग लग्नपत्रिका द्यायची राहिली, मग सुतक पाळायचं राहिलं. असंच होतं ते.

सरलाबाई लग्न होऊन आली तेव्हा हेमकांत सहा वर्षांचा होता आणि तिच्याशिवाय कुणाच्या हातचं जेवायचा नाही. आता तो चाळिशीचा होता, पोटाला गोल होता, आणि त्याच्या नावाचा रोट तिच्या देवघरातल्या परडीत पालथ्या ताटाखाली होता.

*

सोमवारी कानबाई उठली. उमाकांत आणि त्याचा मुलगा आपापले रोट खाऊन गेले. मंगळवारी सरलाबाईनं कय्युमला बोलावलं. तो मोटारसायकलवरून पाटानं इकडे आला, पाटानं तिकडे गेला, पाटानं परत आला.

"हेमकांतभाऊ येवाले तयार शे," तो म्हणाला. "खुशीमा. म्हनस, पाटवरथीन येस."

सरलाबाईचा चेहरा खुलला. भटूचा मिटला.

"पाटवरथीन नही."

"आता काय?"

"तो पाटवरथीन उना, म्हनजे पाटना रस्ता बरा शे असं व्हयनं. मंग तो म्हनी, मी उनू ना, तू बी जा. येवानं शे तर वाटवरथीन येवो."

कय्युम पुन्हा अडीच किलोमीटर गेला आणि अडीच किलोमीटर आला.

"तो म्हनस, वाटवरथीन उनू तर वाट शे असं व्हयनं."

सरलाबाई पायरीवर बसली. दोघांचंही म्हणणं बरोबर होतं, हीच तर अडचण होती.

"वहिनी," कय्युम हळूच म्हणाला, "मी खाई टाकू का? कोनले कळनार नही."

"तू भाऊबंद शे का?"

"दोन महिना यास्ना भांडनमा शे. आते राहीनं काय?"

"कानबाईले कळी ना बापा."

"मंग ऱ्हाऊ द्या," कय्युम म्हणाला, आणि जाता जाता भटूला त्यानं लांब नळीची नवीन बंदूक दाखवली. भटूनं ती हातात घेऊन डोळ्याला लावून पाहिली. सरलाबाईनं ती त्याच्या हातातून काढून कय्युमच्या डिकीत परत घातली.

*

बुधवार. परडीतला रोट कडक झाला.

गुरुवार. फारच कडक झाला.

शुक्रवारी दुपारी सरलाबाई तारेपाशी गेली. पलीकडे हेमकांतची बायको, मयूरी, मिरचीला खत घालत होती. मध्ये दोन तारा आणि गवत. दोन्ही मशीनं टक-टक करत होती, एक जरा पुढं, एक जरा मागं.

"ताई, त्यास्नं जेवनमा ध्यान नही," मयूरी म्हणाली. "उठता-बसता पाट आनि वाट. काल पोरीस्नी पाढा म्हना, तर त्यास्ले बी वरडनात."

"उद्या पुनव शे."

"ठाऊक शे माले."

सरलाबाईनं तारेखालून पलीकडं गेलेल्या वेलाकडे पाहिलं. भोपळ्याचा वेल, मूळ इकडे, फूल तिकडे. "मयूरी, एक सांग. रोट तोंड खास का पाय खातस?"

"तोंड."

"मंग पाय तठेच ऱ्हाऊ दे."

मयूरीला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तिनं खताची पाटी खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

*

शनिवार, पौर्णिमा. तारेपाशी दोन्ही बाजू हजर. ठरलं ते असं: हेमकांतचे पाय हेमकांतच्या मळ्यात राहतील. डोकं भटूच्या हद्दीत येईल. डोकं ना पाटानं येईल, ना वाटेनं. ते नुसतं वाकून येईल. रोट घराच्या हद्दीतच खाल्ला जाईल. याचा अर्थ कुणी काही काढायचा नाही. हे शेवटचं वाक्य कय्युमचं, आणि ते सगळ्यांना फार आवडलं.

राहिला प्रश्न तारांचा. हेमकांतच्या तारेचं बटण मयूरीच्या हाताशी, पण हुकूम हेमकांतचा. भटूच्या तारेचं बटण भटूच्या हाताशी.

"आधी तो बंद करो," भटू म्हणाला.

"आधी ते," हेमकांत म्हणाला.

"तीनवर दोन्ही," कय्युम म्हणाला. "एक. दोन. तीन."

टक-टक. टक-टक. दोघंही दुसऱ्याचं ऐकत थांबले होते.

"फिरीसन! एक. दोन. तीन."

टक-टक. टक-टक.

सरलाबाईच्या हातात ताट होतं, ताटात रोट. तिनं रोट भटूच्या हातात दिला, ताट खाली ठेवलं. मग पुढं होऊन दोन्ही हात दोन तारांकडे नेले.

"मी धरी ऱ्हायनू बरं का," ती म्हणाली. "एक."

तिनं दोन म्हटलंच नाही. दोन्हीकडचा आवाज थांबला होता. कोणाचा आधी थांबला हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही. कय्युमलाही नाही, आणि त्याला विचारलं तर बऱ्याच जणांनी. सरलाबाईनं तारा धरल्या आणि ताणून खालीवर केल्या. हेमकांतनं त्यांच्यामधून डोकं घातलं, खांदे घातले, पोटाशी थोडा अडकला, आणि भटूच्या हद्दीत दोन्ही तळवे टेकून म्हशीसारखा उभा राहिला.

भटूनं रोट त्याच्या तोंडापुढं धरला. स्वतःचं तोंड त्यानं केळीकडे फिरवलं होतं. केळीत या सगळ्या वेळात माकडं आरामात जेवत होती, त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

पहिल्या घासाला दात लागला, पण रोट हलला नाही. दुसऱ्याला कोपरा तुटला. हेमकांत चावत राहिला. गूळ होता, तूप होतं, आणि सहा दिवस होते. सगळे त्याच्या जबड्याकडे बघत होते. मयूरी पलीकडून त्याचे पाय धरून उभी होती, कशासाठी ते तिलाही माहीत नव्हतं. अर्धा रोट गेला तेव्हा त्याला ठसका लागला. डोळे लाल झाले.

"दादा, पानी," तो म्हणाला.

"कय्युम, त्याले सांग..." भटूनं सुरुवात केली, आणि थांबला. काय सांगायचं होतं ते आठवेना. त्यानं खाली ठेवलेला तांब्या उचलला आणि हेमकांतच्या तोंडाला लावला. निम्मं पाणी सदऱ्यावर गेलं.

"कंबर गयी मन्ही," हेमकांत म्हणाला.

"मंग बस ना."

कुठं बसायचं ते कुणी बोललं नाही. हेमकांतनं एक पाय ओढून इकडे घेतला, मग दुसरा, आणि गवतात मांडी घातली. येताना पोटाच्या वजनानं खालची तार खांबासकट लवली, आणि पाठीला अडकून वरचीही. कय्युमनं तिकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि सरलाबाईकडे पाहून मिटलं. भटू हेमकांतसमोर बसला. उरलेला रोट हेमकांतनं पाण्यात बुडवून बुडवून खाल्ला. शेवटचा तुकडा पडला तो त्यानं गवतातून शोधून काढला, फुंकला आणि तोंडात टाकला.

सरलाबाईनं रिकामं ताट पदरानं पुसलं, पुन्हा पुसलं.

*

वाटेचा वाद मिटलेला नाही. दोन्ही पक्ष आपापल्या भूमिकेवर ठाम आहेत. फक्त लवलेल्या तारा अजून ताणलेल्या नाहीत, आणि त्या लवल्या आहेत नेमक्या गाडवाटेवर. रविवारी त्यांच्यावरून भटूचा ट्रॅक्टर केळीत गेला. मयूरी नदीवरची मोटार सुरू करायला उलट्या बाजूनं आली. सोमवारी कय्युम येऊन विचारून गेला, तारा ताणून देऊ का म्हणून.

"कसानी घाई शे?" भटू म्हणाला.

"व्हयी सावकाश," हेमकांत म्हणाला.

कय्युमनं मग विचारलं की माकडांचं काय, आणि दोघांनी मिळून एकच बंदूक घेतली.

भटूचा मुलगा सुरतेहून गुरुवारीच आला होता, आणि आपल्या नावाचा रोट खाऊन त्याच दिवशी परत गेला होता. कोणत्या वाटेनं आलास, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.