बंधाऱ्यामागचे आठजण

ओढ्यावरचा जुना बंधारा काढून टाकायचा, की तो ठेवून बाजूने माशांना वर चढायला पायऱ्या बांधायच्या? जलविभागातल्या तिच्या टेबलावर महिनाभर हाच प्रश्न पडून होता. बंधारा काढला तर पाणी वाहतं राहील, गाळ साचणार नाही, शिवाय खर्च निम्मा. तुलनेच्या तक्त्यात पायऱ्यांच्या बाजूने बोलेल असा रकाना एकच, 'लोकांचा वापर'. तिथे शून्य होतं. मोजणी रीतसर झाली होती, तीन दिवस, अकरा ते पाच.

त्या शून्यापाशी तिचा हात थबकायचा. कारण रोज सकाळी सहाला ती स्वतःच आईला घेऊन त्या पाण्यात उतरायची. पक्षाघातानंतर आईचा डावा पाय जमिनीवर फरफटायचा. बंधाऱ्यामागच्या कमरेएवढ्या संथ पाण्यात मात्र तो उचलला जायचा. बंधारा गेला की तिथे घोट्याएवढंच पाणी राहणार.

"मग लिही की तसं," आई म्हणाली.

"आई माझी, तक्ताही माझाच. बरं दिसेल का ते?"

"मला वगळ. बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

तिने पाच सकाळी मोजलं. गुडघे धरलेला न्हावी, निवृत्त मुख्याध्यापिका, दिवस भरत आलेली शिंपीण... आई आणि ती स्वतः सोडून सातजण. सात लिहून तिने कागद पडताळणीसाठी साहेबांकडे दिला.

शनिवारी सहाच्या ठोक्याला साहेब वही घेऊन काठावर हजर. आईने पाण्यातूनच विचारलं, "साहेब, कोरडेच जाणार का?" साहेब हसले, पण वहीतून डोकं वर काढलं नाही.

सोमवारी कागद परत आला. सातवर काट, शेजारी आठ.

"आकडा चुकलाय तुमचा."

"आठवी माझी आई आहे, सर."

"पाण्याला कुठे ठाऊक, कोण कोणाची." साहेबांनी चष्मा पुसला. "आणि अकराची वेळ मी ठरवली होती. ते शून्य माझं."

नव्या आकड्याने दोन्ही उपाय जवळजवळ बरोबरीला आले. निर्णय समितीचा, महिन्याभराने.

मंगळवारी पाण्यात उतरल्यावर तिने आईला सगळं सांगितलं.

"म्हणजे मला धरलंय?"

"धरलंय."

"मग नीट चालायला हवं," म्हणत आईने तिचा हात सोडला.