म्हशीच्या पोटातला डोंगल

हे कुणाला पटणार न्हाय, आणि पटवत बसायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही. तरी ऐका. चहा उकळेपर्यंत संपतंय.

समोरच्या फाउंड्रीत मी सव्वीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळले. ड्रॉइंगचं आमचं सॉफ्टवेअर जुनाट, नव्या कॉम्प्युटरवर चालेना. म्हणून उन्मेष मालकांनी नव्याच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर बसवून घेतला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. अंग नाही, नुसता जीव. आणि त्या सॉफ्टवेअरची किल्ली म्हणजे अंगठ्याएवढा यूएसबी डोंगल. तो मागे खोचलेला नसला की पोटातलं मशीन उठतच नाही.

खंडेनवमीला पान्हे, हातोडे, सगळ्या हत्यारांची पूजा. ताट मांडायचा पिराजी, या चहावाल्या झुंबरबाईचा नवरा. त्या वर्षी डोंगलही ताटात बसला, हळदकुंकू लावून, झेंडूच्या ढिगात.

दसरा झाला. कामावर येऊन बघतो तर पडद्यावर एकच ओळ: यूएसबी डिव्हाइस सापडत नाही. पंपाचं ड्रॉइंग संध्याकाळी जायचं होतं. मालक तापले.

"ताट कुणी मांडलं? पिराजीनं न्हवं? डोंगल घावला न्हाय तर उद्यापासनं त्याला घरी बसवायचा."

मी सेटिंगमध्ये जाऊन त्या यूएसबीचं नावच काढून टाकलं. मशीन उठलं, पण सॉफ्टवेअर अडून बसलं, किल्ली द्या म्हणून. टेबलाखाली वाकून वाकून कंबर गेली. दुपारचा डबा तसाच राहिला.

मग डोक्यात आलं, ताटातला झेंडू डोंगलसकट झुंबरबाईच्या म्हशीनं खाल्लाय! म्हस दाव्यासकट ऑफिसात आणली. वायरीचं एक टोक कॉम्प्युटरला, दुसरं म्हशीच्या तोंडात. टिंग! नवीन डिव्हाइस सापडले. पण सापडलं ते बाहेरच्या कॉम्प्युटरला. मेनूत जाऊन म्हस आतल्या मशीनला जोडून दिली. ती रवंथ करी तोवर ड्रॉइंग पुढं सरके, थांबली की पडदा गोठे. एका हातानं माउस, एका हातानं वैरण. पाचला ड्रॉइंग गेलं, तेव्हा मी आणि म्हस दोघंही फरशीवर बसलेलो.

"आन पिराजी?" ट्रकवाल्या बाळासोनं विचारलं.

"वाचला की! त्याच्यासाठीच तर केलं सगळं."

झुंबरबाईनं गाळणी खाली आपटली.

"आण्णा, म्हस मी श्रावणातच विकलीती. नवा डोंगल येईस्तोवर माझा माणूस महिनाभर घरात बसला, कुणाच्या तोंडाकडं न बघता. आन तुमच्या किल्ल्यांच्या जुडग्याला त्यो काय लोंबतोय? हळद बी निघाली न्हाय अजून. पूजा झाल्यावर तुम्हीच खिशात घातला हुता, व्हय का न्हाय?"