परदेशी व्यवहार बंद

नवनाथने अंगठा फोनच्या पडद्यावर डावीकडे ओढला. हिरवं बटण राखाडी झालं.

व्हिएतनामची पाच लाख डोंगांची नोट निळी असते. तिच्यात पाच-सहा बायकांचं दुपारचं जेवण होतं.

कोरडी मोटर चालली की जळते.

तांबड्या गायीला त्याच्या बायकोशिवाय, सविताशिवाय, दुसऱ्याचा हात चालत नाही. रविवारी तिने बादली लाथाडली, सोमवारी नवनाथला.

हनोईत दुपारचा एक वाजतो तेव्हा वडगाव रासाईत साडेअकरा झालेले असतात.

‘तुमच्या कार्डावरील परदेशी व्यवहार बंद करण्यात आले आहेत. ही विनंती तुम्ही केलेली नसल्यास त्वरित संपर्क साधा.’

विनंती त्यानेच केली होती. दोन दिवसांतली चौथी.

*

बचत गटाच्या बारा बायका व्हिएतनामला गेल्या होत्या. दौंडच्या एका टूरवाल्याने विमान, हॉटेल, सकाळचा नाष्टा आणि रात्रीचं जेवण धरून भाव लावला होता. दुपारचं ज्याचं त्याने. सविता गटाची सचिव. पैसे तिचेच होते, चार गायींच्या दुधाचे. दर दहा दिवसांनी डेअरीचं बिल तिच्या नावाच्या खात्यात पडायचं. मात्र खातं उघडताना बँकेतल्या माणसाने मोबाइल नंबर विचारला तेव्हा नवनाथने आपला सांगितला होता, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. घरात सोजराबाईच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, खात्यालाही त्याचाच नंबर होता. गॅसला त्याचाच, रेशनला त्याचाच, नदीवरच्या मोटरीच्या स्टार्टरलाही त्याचाच. फोन लावला की एक बाई बोलायची, ‘मोटर चालू झाली आहे.’ काम झालं की पुन्हा फोन, ‘मोटर बंद झाली आहे.’

रांजणगावच्या कंपनीत असलेल्या पुतण्याने, ज्ञानेशने, जाण्याआधी येऊन सगळं समजावून दिलं होतं. एटीएममधून सारखं थोडं थोडं काढू नका, दर वेळी कापतात. मशीनने रुपये की डोंग असं विचारलं तर डोंग दाबा. कार्ड एकीकडे ठेवा, रोकड दुसरीकडे. आणि फोनमध्ये हे बटण आहे बघा काका, परदेशी व्यवहार चालू आणि बंद.

बाकीचं नवनाथच्या कितपत लक्षात राहिलं कोण जाणे. बटण राहिलं.

शंभर-शंभर डॉलरच्या दोन नोटा त्याने सविताच्या हातावर ठेवल्या.

"एक तिथं गेल्यावर बदल. दुसरी मोडायची न्हाई."

"मग दिली कशाला?"

"जवळ असावी. कार्ड हाय की. कार्ड वापर."

*

सोमवारी संध्याकाळी तो गव्हाणीत वैरण टाकत असताना सविताचा फोन आला. त्याने स्पीकर लावला.

"अहो, चालू करा."

"काय घेतीस?"

"आधी करा चालू. मागं माणसं उभी हायत."

"किती?"

"चार लाख वीस हजार."

वैरणीचा भारा त्याच्या पायावर पडला.

"डोंग ओ, डोंग. तीनशेनं भागा."

त्याने भागलं. "चौदाशे? कशाचं चौदाशे?"

"आत्याबाईंना स्वेटर."

ओट्यावर बसलेल्या सोजराबाईला बरोबर तेवढंच ऐकू आलं. "चालू कर की रं मुडद्या. पोरीला परमुलखात उभी करून हिशेब घेतोय."

त्याने चालू केलं.

"मशीन विचारतंय, रुपयात का डोंगात."

"डोंगात दाब! रुपयात दाबलंस तर मधल्या मधी कापत्यात."

"दाबलं."

"झालं?"

"थांबा की जरा. कागद येऊ द्या."

मेसेज आला. चौदाशे पंचवीस. वरचे पंचवीस कशाचे, हे विचारायला त्याने तोंड उघडलं तोवर फोन कट झाला होता. त्याने अंगठा डावीकडे ओढला.

"बंद कशापायी करतोस सारखं?" सोजराबाई म्हणाली.

"आये, तुला कळत न्हाई त्यातलं. तिकडं लोक कार्डाची नक्कल करत्यात."

"मग जवा लागंल तवा ती काय करणार?"

"फोन करणार. करतीयच की."

*

मंगळवारी सविताची पाळी होती. बारा बायकांनी जाण्याआधीच ठरवलं होतं, दुपारच्या जेवणाचं बिल रोज दोघींनी मिळून द्यायचं, म्हणजे सहा दिवसांत सगळ्यांची फिटंफाट. गटाचे हप्तेही असेच पाळीने चालायचे. त्यात कधी कुणी चुकलं नव्हतं, आणि चुकलंच तर वसुलीला दारात जायची ती सविता.

मंगळवारी दहाला लाईट आली आणि मोटरने पाणी उचललं नाही. नवनाथने दोनदा फोन लावला. ‘मोटर चालू झाली आहे,’ बाई म्हणाली. पाटात थेंब नव्हता. मोटर बंद करून तो शिव्या देत नदीवर गेला, सदरा काढून बाभळीला अडकवला आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरला. पाइपाच्या पाण्यातल्या तोंडाला, फुटव्हॉल्व्हला, जलपर्णी गुंडाळली होती. ती ओढून काढायला पाऊण तास गेला.

फोन सदऱ्याच्या खिशात होता.

सात मिस्ड कॉल. अकरा एकतीसपासून अकरा बेचाळीसपर्यंत. त्यांच्या मधेमधे बँकेचे तीन मेसेज: व्यवहार नाकारण्यात आला आहे. नाकारण्यात आला आहे. नाकारण्यात आला आहे.

ओल्या अंगठ्याला पडदा दाद देईना. त्याने तो धोतराला पुसला, पण धोतरही ओलं. शेवटी बाभळीच्या खोडाला घासून कोरडा केला, बटण हिरवं केलं आणि फोन लावला.

"केलंय चालू. मोटरनं घोळ घातला हुता. आता दे."

मागे बायकांचा गलका होता. कुणीतरी हसत होतं.

"राहू द्या," सविता म्हणाली.

"अगं चालू हाय आता."

"दिलं गेलं बिल."

"कुणी दिलं?"

"दिलं गेलं म्हनलं ना. बस सुटतीय, ठेवते."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर त्याला उत्तर देता आलं असतं.

*

बुधवारी त्याने बटण बंद केलं नाही.

बुधवारी एकही मेसेज आला नाही.

गुरुवारी सकाळी गायीची धार काढताना फोन वाजला म्हणून तो धडपडत उठला. डेअरीचा होता. फॅट तीन पॉइंट सहा.

गुरुवारी दुपारी त्याने बटण एकदा बंद करून पुन्हा चालू केलं. अडकलं-बिडकलं असेल म्हणून.

"जेवली असंल का रं ती?" सोजराबाईने विचारलं.

"मला काय ठावं?"

"तुलाच तर समदं ठावं असतंय. काय घेतलं, कितीला घेतलं."

संध्याकाळी त्याने आपणहून व्हिडिओ कॉल केला. सविता कुठल्याशा तळ्याकाठी बसली होती. मागे लाल पूल दिसत होता.

"जेवलीस का दुपारी?"

"जेवले."

"कशानं?"

"काड्यांनी. दोन काड्या असत्यात इथं. अनुपमाबाईंच्या चारदा पडल्या."

"तसं न्हाई गं. पैसं कुठलं?"

"ऐकू येईना नीट. तांबडी दूध देती का?"

"लाथा देती. कार्ड चालू हाय, सांगून ठेवतो. बुधवारपासनं चालूच हाय."

"बरं."

"वापर की मग."

"बरं."

तिने वापरलं नाही. शुक्रवारी रात्री नवनाथने ज्ञानेशला फोन लावून झापलं, की हे बटण बिघडलेलं आहे. ज्ञानेश म्हणाला, काका, बटणाला काय धाड भरलीय? काकीच काही घेत नसतील. नवनाथ म्हणाला, सहा दिवस बाई परदेशात आहे आणि काही घेत नाही, असं कुठं असतं का? मग त्याने पुतण्याच्या शिक्षणावर झालेला खर्च काढला आणि फोन ठेवला.

*

रविवारी मुंबईहून आलेली मिनीबस चौफुल्याला थांबली. बायका उतरल्या. बाराही जणींच्या डोक्यावर सारख्या गोल टोप्या होत्या. नवनाथ पिकअप घेऊन आला होता. जाताना सविताकडे एक बॅग होती, आता दोन होत्या. दुसरी नवी, चार चाकांची, ढकलली की आपोआप पळणारी. पायात नवे बूट. चालताना तिने बॅगेला हातही जेमतेम लावला होता.

गटातल्या बायकांकडे तो नजर चोरून बघत होता. यांच्यातल्या कुणीतरी मंगळवारी बिल दिलं होतं. अनुपमाबाई शाळेवर शिक्षिका, पगारदार. त्याच असणार.

"बाई, तुमचं काही देणं निघतंय का आमच्याकडं?" त्याने विचारूनच टाकलं.

"माझं?" अनुपमाबाई हसल्या. "अहो, उलट चहाचे माझ्याकडंच निघत्यात. सविताताईंनी दोनदा पाजला."

पिकअप पारगावकडे वळली. मग सविताने पर्स उघडून शंभर डॉलरची नोट काढली आणि समोर काचेखाली ठेवली. तिला एक घडीही जास्त पडली नव्हती. तिच्यावर कार्ड ठेवलं.

"मोडली न्हाई," ती म्हणाली.

"कार्डावर चार नोंदी हायत. सोमवारपस्तोरच्या."

"हो."

"आन् ही बॅग? बूट?"

"तुम्हाला शर्ट हाय. निळा. आत्याबाईंचा स्वेटर. तुमच्या ज्ञानेशला कॉफी."

"मी काय विचारतोय?"

"समोर बघा, ऊसाची ट्रॉली हाय."

त्याने ब्रेक दाबला. ट्रॉली पुढे गेली, धूळ बसली.

"कुणाकडनं उसनं घेतलंस?"

"न्हाई."

"मग?"

"भागलं."

"असं कसं भागलं? हवेतनं? मी हितं चार दिवस फोन हातात घेऊन बसलोय. बटण चालू, माणूस चालू, आन् ही म्हनती भागलं!"

सविताने काच खाली केली. पुलावर वारा होता. तिने गोल टोपी काढून मांडीवर ठेवली आणि एका हाताने केस सारखे केले.

"उद्यापासनं तांबडीला मी बघते," ती म्हणाली. "तुम्हाला लागलं का कुठं?"

"मांडीला," तो म्हणाला.

या सहलीच्या कितीतरी आधी दौंडच्या एका बँकेत सविताने स्वतःच्या मोबाइल नंबरावर खातं उघडून दुसरं कार्ड घेतलं होतं, तो दिवस १४ सप्टेंबर २०२१, मंगळवार होता.