भाताचं शीत

एंटरच्या बटणाच्या फटीत भाताचं एक शीत वाळून घट्ट बसलं होतं, हळदीनं पिवळं पडलेलं, भोवती तंबाखूची पूड... स्टोअरचे दादासो रोज डबा या कीबोर्डवरच उघडतात हे अंजनाला ठाऊक होतं, तरी तिनं बोट आखडून घेतलं. शितावरून भाताची परीक्षा करायची तर या सगळ्या ऑफिसालाच आंबूस वास यायला हवा. आणि तो येत होता.

"सकाळधरनं एकबी साईट उघडंना बघा. निस्ता तांबडा त्रिकोण," नखानं दात कोरत दादासो म्हणाले, आणि तेच नख त्यांनी स्क्रीनवर टेकवलं. तिनं मान फिरवली.

विश्रामबागेतल्या या ठिबक सिंचनाच्या कंपनीत नेटवर्क सांभाळणारी ती एकटी. तिनं सकाळीच सगळं धुंडाळलं होतं — मशीनची तारीख बरोबर, केबल बरोबर, स्वतःच्या फोनचं नेट जोडलं तर तीच साईट निमूट उघडते. ऑफिसच्या नेटवर्कवर मात्र ब्राउझर सांगतो की समोरचा खरा नाही. मग तिनं साईटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट उघडून पाहिलं. बँक असो, रेल्वे असो, प्रत्येकाच्या सर्टिफिकेटवर सही एकच, आपल्याच कंपनीची. म्हणजे बिघाड नव्हताच. कुणीतरी मध्ये बसून प्रत्येक बंद पाकीट फोडत होतं, वाचत होतं आणि पुन्हा चिकटवून पुढं धाडत होतं. ब्राउझरला ती चिकटवलेली कड दिसली, एवढंच.

कुणीतरी म्हणजे वीरधवल, मालकांचा मुलगा. "तुमाला सांगायचं राह्यलं, ताई," केबिनमध्ये बडीशेप चघळत तो म्हणाला होता. "रविवारी नवी फायरवॉल बसवून घेतली. हे बघा, आपला शंभूराज... त्रिकोण डावलून इस्लामपुरात नोकरी हुडकतोय." दुसऱ्याचं पत्र स्क्रीनवर ताणून तो हसला. "सगळ्या मशीनवर आपलं सर्टिफिकेट टाका, की बोंब बंद. आन् कुणाला बोलू नका." त्या हसण्याची, दातांतल्या बडीशेपेची, खोलीतल्या गोडसर अत्तराची तिला शिसारी आली, पण मान हलायची ती हललीच.

कुणाला बोलू नगंस... लोणंदच्या स्टेशनबाहेर तिच्या चुलत्याचं, तात्याचं चहाचं हॉटेल होतं. वडील फौजेत, आणि आई त्यांना लिहायची, घरात जे बोलता येत नव्हतं ते सगळं. पाकीट जिभेनं ओलं करून बंद करायची आणि आठ वर्षांच्या अंजनाच्या हातात द्यायची. वाटेत तात्या हाक मारायचा. किटलीच्या वाफेवर पाकीट अलगद सुटायचं, तात्या ओठ हलवत वाचायचा, मध्येच हसायचा, मग ताटातलं भाताचं शीत बोटानं चिरडून कडेला फासायचा. वर अंजनाला एक क्रीमरोल, आणि 'कुणाला बोलू नगंस.' मी काय, मी नुसती नेऊन द्यायचे... संध्याकाळी चुलती आईचीच वाक्यं आईच्या तोंडावर फेकायची, आणि आई पदर दातात धरून विचारायची, "पत्र टाकलंस न्हवं गं पेटीत?" "व्हय." ते खोटंही नव्हतं. पत्र पेटीतच पडायचं. पुढं आईनं लिहिणंच सोडलं.

तिनं ते शीत नखानं उकरून काढलं आणि दादासोंच्या मशीनवर सर्टिफिकेट टाकलं. त्रिकोण गेला, सगळं सुरक्षित असल्याचं कुलूप आलं. "लय बेस काम केलंसा," म्हणत त्यांनी चहा मागवला आणि कपात बोट बुडवूनच तिच्या हाती दिला. ती प्यायली. मग दुसरं मशीन, तिसरं... माणसं हसून धन्यवाद देत होती, आणि प्रत्येक धन्यवादाला ती पुढच्या मशीनकडं वळत होती.

शेवटचं मशीन अंकिताचं. पोरगी नवी, दिवाळीला कायम व्हायची.

"बरं झालं आलासा, ताई," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मिरजेच्या लॅबचा रिपोर्ट आलाय मेलवर, आन् फोन तर गेटवर जमा. दोन म्हयनं वर गेल्यात... घरी पण सांगितलं न्हाई अजून. कायमची आर्डर हातात पडंपतूर हितं कुणाला कळाय नको. शिवांजलीचं पोट दिसाय लागलं तवा तिला घरी बसवलीच की."

अंजना ऐकत होती, आणि हात सवयीनं आपलं काम करत होते. सांगावं का... सांगितलं तर उद्या ही विचारायला केबिनमध्येच जाईल, आणि मग आपणही घरी. नेटवर्कवाली म्हणून गेटवर सूट मिळालेला स्वतःचा फोन पर्समध्ये होता, मांडीवरच. काढून हिच्या हातात दिला तरी पुरे... कुलूप उमटलं.

अंकितानं माऊसवर हात ठेवला. "कुलूप आलं. आता मधी कोण बघत न्हाई न्हवं, ताई?"

'न्हाई' जिभेवर येऊन बसलं होतं, तीस वर्षांपासून तयार असल्यासारखं, क्रीमरोलच्या तुपकट गोडीसकट. दिवसभर ती दुसऱ्यांची बोटं, दुसऱ्यांचे दात पाहून तोंड फिरवत होती. आता तिनं आपलं बोट पाहिलं. नखाखाली ते पिवळं शीत अजून होतं. अंगठ्यानं तिनं ते काढू पाहिलं, ते निघेना. अंकिता थांबली होती, तिच्या तोंडाकडं पाहत. आणि किळस आता कुणावर ढकलताही येईना. ती तिच्याच तोंडात साचून राहिली होती, गिळवेना आणि थुंकवेना.