मालनबाईचा काळा चष्मा

आदिलाबादजवळच्या जैनथ गावच्या मालनबाईचा डावा डोळा कधीचाच गेला होता. उजव्यातला मोतीबिंदू शिबिरात काढला, तेव्हा डॉक्टरांनी काळा चष्मा देऊन बजावलं होतं, आम्ही सांगेपर्यंत हा काढायचा नाही आणि धुळीत जायचं नाही. पण ऐकेल ती मालनबाई कसली!

तिची लेक भागीरथा आदिलाबादला कॉम्प्युटरवर टायपिंग करायची. दिवसभर पडद्याच्या उजेडाकडे टक लावून संध्याकाळच्या बसनं परतली की डोळे लाल आणि डोकं ठणकत असायचं. एका डोळ्याचं दुःख भोगलेल्या आईचा जीव तिळतिळ तुटायचा.

एका सकाळी तिनं चष्मा लेकीच्या हातात ठेवला.

"हा घालून बस त्या मशिनीपुढं."

"अन् तू काय घालशील, माय?"

"मले दोन देल्ले त्याईनं. दुसरा पेटीत हाय. घरातल्या अंधारात कायले घालू? वावरात घालतो."

भागीरथेनं पेटी उघडून पाहिली नाही. कशाला पाहील? आपली माय खोटं बोलेल, असं कुणाच्या मनात तरी येतं का? टायपिंग सेंटरवरचे केशवराव हसले, "काय वं भागीरथा, सिनेमात चालली काय?" तीही हसली. काळ्या काचेतून पडदा मंद दिसायचा, बरं वाटायचं. मायचंच डोकं चाललं, असं ती सगळ्यांना कौतुकानं सांगायची.

इकडे कापूस वेचणीचे दिवस. मालनबाई उघड्या डोळ्यानं वावरात जाऊ लागली. वाळक्या पात्यांचा चुरा डोळ्यात गेला, तिनं तो पदरानं चोळला आणि दुखणं लेकीपासून लपवलं. डोळा सुजून मिटला, तेव्हा कुठं भागीरथेनं पेटी उघडली. पेटीत लुगडी होती, चष्मा नव्हता.

आदिलाबादच्या डॉक्टरांनी डोळा तपासला आणि मान हलवली. फार उशीर झाला होता. भागीरथेनं रडत पिशवीतून चष्मा काढून दाखवला, सगळं सांगितलं. डॉक्टर हिंदीत म्हणाले, "बेटी, त्या पडद्यानं डोळे जात नाहीत. एकटक बघता, पापणी हलत नाही, म्हणून कोरडे पडतात. अधूनमधून लांब बघत जा. याला हा चष्मा लागत नव्हता."

बाहेर बाकड्यावर मालनबाई पट्टी बांधून बसली होती. पावलांवरून तिनं लेकीला ओळखलं.

"तुये डोये तं बरे हायेत ना, बाई?"

भागीरथेला रडू आवरेना. डॉक्टरांचं बोलणं ती जन्मभर मायला सांगणार नव्हती.

"हो माय. तुया चष्म्यानं बरे झाले."

मालनबाईनं हात पुढे करून तिचा चेहरा चाचपला. "मंग घालत काऊन नाई?"

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी बसमधून उतरल्यावर भागीरथा पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवायची आणि मगच घरात शिरायची. मायचा हात आधी तिथंच जायचा.