नलूच्या अंगातली थंडी

शहात्तर सालच्या भादव्यात रूपरावच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ओसरीवर त्याची लेक नलू चार गोधड्यांखाली थडथड कापत होती, आणि नत्थू भगत एकेकाला तिच्या कपाळाला हात लावून पाहायला सांगत होता.

"अंग तव्यावानी तापलं, अन् पोरगी थंडीनं कापते. हे मानसाचं दुखनं हाये का? वणा नदीत बुडालेली बाई हाये ही, ओलीचिंब. आज दोन वाजता येते म्हनून मी सांगतलं होतं का नाई?"

सांगितलं होतं खरं. मागच्या तिन्ही वेळाही बाई वेळेवर आली होती.

हिवतापाचे कर्मचारी अच्युतराव मागे उभे होते. बोटातलं रक्त काचेवर घ्यायचं, गोळ्या द्यायच्या, दारावर तारीख लिहायची आणि पुढचं घर गाठायचं, यात त्यांची अकरा वर्षं गेली होती. नलूला दिलेल्या गोळ्या तशाच पडल्या होत्या, कारण कडू खाल्लं तर बाई चिडेल असं भगतानं बजावलं होतं. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. असं अजून दोनदा झालं तर ती हाती लागणार नाही, हे त्यांना दिसत होतं. भांडायचं मात्र जिवावर आलं होतं.

"रूपरावभाऊ, आता मी सांगतो," ते म्हणाले. "घटकाभरानं थंडी जाईन. मंग पोरगी गोधड्या फेकीन. सांजेले घाम येऊन झोपीन. परवा दोनले पुन्हा."

"तुमच्या अंगात बी येते का?"

"नाई बाप्पा. हा हिवताप एक दिवसाआडच येते. नत्थूनं भूत नाई पाह्यलं, दिवस मोजले."

"मंग तापल्या अंगाले थंडी काऊन वाजते?"

अच्युतरावांनी हे चाळीस गावांत सांगितलं होतं. एकेचाळिसाव्यांदा सांगितलं. "अंगात ऊब किती ठेवाची, ते डोस्कं ठरवते. रोगाचे जंतू शिरले का डोस्कं म्हनते, ऊब वाढवा. अंग तिथपर्यंत पोचलं नसते, म्हनून थंडी वाटते. कापते ते ऊब वाढवाले. पोचलं का कापनं बंद. डोस्क्यानं हुकूम मागं घेतला का घाम."

सारं तसंच झालं. घामानं भिजलेली नलू उठून बसली. "बाबा, त्या गोळ्या द्या मले," ती म्हणाली. "मरनार त मी हावो, भगत नाई."

तिसऱ्या दिवशी दोन वाजता गर्दी पुन्हा जमली. नलू भिंतीला टेकून पेज पीत होती. लोक तीनपर्यंत थांबले आणि काहीच होईना म्हणून जरा हिरमुसले.

"ताप आला का पह्यले रक्त दाखवा," अच्युतराव थकून म्हणाले. "भुताची विचारपूस मागून करा. मेलेल्या बाईले घाई नसते, जित्या पोरीले असते."