तिसरा तांब्या

वडिलांनी मागे ठेवलेलं मुलाने जपावं, यालाच परंपरा म्हणतात. आमच्या वडिलांनी मागे एक गळती ठेवली.

गळती गाडीची. विमा कंपनीत सव्वीस वर्षं कारकुनी केल्यावर, शहाण्णव साली वडिलांनी ती लहान पांढरी गाडी घेतली. परळच्या आमच्या चाळीतली ती पहिली चारचाकी. पंधरा दिवसांत तिच्याखाली पाणी दिसलं आणि तेव्हापासून आमच्या घरात दोन विषयांवर हळू आवाजात बोलायची पद्धत पडली: आत्याचं मोडलेलं लग्न आणि गाडीचं पाणी.

गाडी फिरवून आणून उभी केली की पुढच्या चाकाशी ओंजळभर पाणी साचायचं. नुसती उभी असली तर नाही. त्यामुळे वडिलांनी गाडी शक्यतो उभीच ठेवली. काढलीच तर दादरच्या पुढे पाणी बघितल्याशिवाय नेली नाही. सत्त्याण्णव साली समोरच्या खोलीतल्या प्रितीवहिनींना बाळ झालं, तेव्हा मायलेकरांना हॉस्पिटलमधून त्यांनीच आणलं. अंतर एक किलोमीटर. वडिलांनी वाटेत दोनदा गाडी थांबवून बॉनेट उघडलं. ते बाळ म्हणजे अवधूत, आमच्या सोसायटीचा आजचा सेक्रेटरी. पुढचं सगळं त्याच्यामुळेच झालं.

चाळीच्या मागे आमचा नवा टॉवर उभा राहिला आहे. चाव्या दिवाळीत मिळणार. नियमांचं बत्तीस पानी पुस्तक मात्र गणपतीतच मिळालं. त्यात एकोणिसाव्या पानावर: ‘पोडियमवर गळकी वाहने उभी करता येणार नाहीत.’ पोडियम म्हणजे गाड्या लावायचा मजला. परीक्षा अशी की गाडी वीस मिनिटं चालू ठेवायची, मग अर्धा तास वर्तमानपत्रावर उभी करायची. कागद कोरडा राहिला तर स्टिकर. नाहीतर गाडी बाहेर. आमच्याकडे ती ठेवायला दुसरी जागा नव्हती, आणि तिच्या वयाच्या गाडीला भंगारवाल्याशिवाय गिऱ्हाईक नव्हतं.

“अवधूत, तू याच गाडीतून घरी आलास रे,” मी म्हटलं.

“माहितीये काका. आई अजून सांगते, चालत आलो असतो तर लवकर पोचलो असतो. पण रूल इज रूल.”

मी हे घरी सांगितलं. माझी आई, आनंदीबाई, एक्क्याऐंशीची. ती गवार मोडत होती, हात न थांबवता म्हणाली, “गाडी भंगारात जाणार असेल तर मलाही तिच्यातच बसवा. चौदाव्या मजल्यावरून खाली बघायला दुसरं आहे काय माझं?”

वडिलांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांचे चष्मे, छत्री, कोट, सगळं तिने स्वतःहून देऊन टाकलं होतं. गाडीबद्दल मात्र एक शब्द काढू देत नव्हती.

मी तळमजल्यावरच्या इग्नेशियस अंकलकडे गेलो.

इग्नेशियस अंकल मिलमध्ये फिटर होते. मिल बंद झाली तेव्हा लोकांनी आठवण म्हणून भिंतीवरची घड्याळं नेली, खुर्च्या नेल्या. यांनी पॅकिंगच्या कागदाचं भेंडोळं आणलं. गॅस्केट हा शब्द पुस्तकातला, परळात त्याला पॅकिंग म्हणतात. लोखंडाचे दोन भाग जिथे जुळतात तिथे मध्ये हा जाड कागद बसवला की पाणी आत राहतं. मिलच्या जागी आता काचेची इमारत आहे. भेंडोळं अंकलच्या पलंगाखाली आहे.

या गाडीचं पॅकिंग त्यांनी चार वेळा बदललं होतं, आणि चारही वेळा आठवड्याभरात चाकाशी पाणी. वडील दरवेळी गॅलरीतून ओरडायचे, “इग्नेस, हात गेला रे तुझा!” अंकल हसायचे. पण दोन हजार नऊनंतर त्यांनी या गाडीला हात लावला नव्हता. चाळीतले सगळे कुकर, सगळे नळ त्यांनी दुरुस्त केले. गाडीजवळून जाताना मात्र ते पलीकडे बघत जायचे.

“दुकानातून तयार पॅकिंग आणू का, अंकल?”

“माद्या, दुकानातलं पॅकिंग म्हणजे रेडीमेड शर्ट. बसतो सगळ्यांना, शोभत कुणालाच नाय.” मग जरा थांबून म्हणाले, “पण मीच करू म्हणतोस? तुझा बाप काय बोलायचा ऐकलंयस ना?”

“ऐकलंय. म्हणून तर आलो.”

रविवारी सकाळी आम्ही बॉनेट उघडलं. इंजिन गार होतं. रेडिएटरच्या खालची टोटी सैल करून अंकलनी पाणी बादलीत सोडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“गेल्या दिवाळीत कुलंट भरलंस ना? हिरवं?”

“हो, भरलं होतं.”

“मग हे तर नळाचं पाणी आहे.”

“वर्ष होत आलं. रंग उडाला असेल.”

“रंग उडायला काय साडी आहे?” ते म्हणाले, पण कामाच्या नादात तो विषय तिथेच राहिला. तो तिथे राहायला नको होता.

थर्मोस्टॅटचं झाकण निघालं. वॉटर पंप काढायला दुपार झाली. जुनं पॅकिंग ब्लेडने खरवडायचं काम माझ्याकडे होतं. मग अंकलनी झाकणावर कागद धरला आणि लहानशा गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने ठोकायला लागले. टक टक टक. लोखंडाच्या कडेवर कागद आपोआप तुटत जातो, कात्री लागत नाही. बोल्टच्या भोकावर बेअरिंगची गोळी ठेवायची, एक टोला, की गोल तुकडा खाली पडतो.

तो आवाज ऐकून दुसऱ्या मजल्यावरच्या रखमाकाकू बाहेर आल्या. मग चार बिऱ्हाडं. या आवाजाला पूर्वी सगळी चाळ कठड्यावर यायची आणि वडील टॉर्च घेऊन उभे असायचे. आता टॉर्च माझ्या हातात होता.

“माद्या, उजेड कुठे मारतोयस?”

“इंजिनवर.”

“स्वतःच्या पायावर मारतोयस. बाप पण तस्साच. तेरा वर्षं मी त्याच्या चपलाच बघितल्या.”

दोघंही हसलो. मग अंकलनी डोळे पुसले, ग्रीसच्या हाताने, त्यामुळे पुढची दहा मिनिटं खरोखरच डोळे धुण्यात गेली.

संध्याकाळी बोल्ट आवळून झाले, एकेक पीळ, समोरासमोरचे. नवं हिरवं कुलंट भरलं. शेजारच्या प्लास्टिकच्या बाटलीत बेताने घातलं. रेडिएटर गरम झाल्यावर त्यातलं जास्त झालेलं पाणी त्या बाटलीत जातं, थंड झाल्यावर परत येतं. गाडी चालू केली. एक थेंब नाही. अंकल अर्धा तास उकिडवे बसून बघत राहिले.

“हे जर गळलं,” ते म्हणाले, “तर मी मिलमध्ये तीस वर्षं काय केलं ते सांग मला.”

परीक्षा पुढच्या रविवारी सकाळी आठला. अवधूत वर्तमानपत्र आणि क्लिपबोर्ड घेऊन आला. आईने बॉनेटला हळदकुंकू लावलं, माझ्या हातावर दही ठेवलं. वीस मिनिटं इंजिन चाललं. मग गाडी कागदावर घेतली.

सहाव्या मिनिटाला पुढच्या चाकाशी टप् झालं. मग टप् टप्. बघता बघता एक अख्खी जाहिरात भिजली.

अंकल उठले. कुणाकडे न बघता हत्यारं पिशवीत भरायला लागले. मी वर पाहिलं. गॅलरीत वडील नव्हते, ते एक बरं होतं.

“असं कसं?” आई कठड्यावरून म्हणाली. “पहाटे काठोकाठ भरलंय मी. आज परीक्षा, म्हणून गळ्यापर्यंत घातलं!”

अंकलच्या हातातला पाना पिशवीच्या तोंडाशी थांबला.

“काय भरलं, वहिनी?”

“पाणी. साडेपाचला नळ येतो ना. पहिला तांब्या देवाला, दुसरा तुळशीला, तिसरा गाडीच्या त्या बाटलीला. हे करायचे, यांच्यानंतर मी करते.”

“रोज?”

“रोज. गाडी आली त्या दिवसापासून त्यांचाही एक दिवस चुकला नाही.”

“आणि जयवंत किती भरायचा?”

“काठोकाठ. कमी घालून कसं चालेल? गळकी गाडी.”

इग्नेशियस अंकल उलट्या बादलीवर बसले. “म्हणजे काठोकाठ बाटली गरम झाली की सांडायची,” ते सावकाश म्हणाले, “माझं पॅकिंग कधी गळलंच नाय. एकदाही नाय.” मग गॅलरीतल्या रिकाम्या जागेकडे बघून मोठ्याने ओरडले, “जयवंत! हात नाय गेला रे माझा!”

अवधूतने क्लिपबोर्ड काखेत मारला, स्वतः नळी आणली आणि बाटलीतलं जास्तीचं पाणी काढलं. गाडी पुन्हा वीस मिनिटं चालवली, नवा कागद अंथरला. अर्ध्या तासाने त्याने तो उचलून उन्हात धरला, घडी घातली आणि मला स्टिकर दिला.

आई कठड्यावरच उभी होती. “मग तिसरा तांब्या कुठे ओतू?”

“त्याचा चहा टाका, वहिनी,” अंकल म्हणाले. “रोज येईन.”

जाताजाता त्यांनी फडक्याने ती बाटली पुसली. एकोणतीस वर्षांच्या धुळीखाली, काठापासून चार बोटांवर, एक आडवी रेघ निघाली आणि तिच्या बाजूला इंग्रजीत ‘फुल’ असं लिहिलेलं होतं. ती रेघ कारखान्यातूनच आली होती.